सुटतील आणि सोडा

मंगळवार, पनवेल

आज योगाच्या वर्गात भ्रामरी चालू असताना सुकापूरच्या जनाबाई बसल्या जागी कलंडल्या. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. प्रेशर भयंकर चढलेलं. "गोळ्या घेता ना?" मी दरडावलंच.

"तुमीच बोललात ना बाई, प्राणायामाने गोळ्या सुटतील? मग सोडल्या. महिना झाला."

मी 'सुटतील' म्हटलं होतं, 'सोडा' नाही. मराठी घेऊन एम.ए. केलंय मी. पण म्हणताना आवाजात केवढी खात्री होती! 'डॉक्टरांना विचारून' एवढं का नाही जोडलं? वर्गासमोर कमीपणा वाटला असेल. आणि सुटतील म्हणजे तरी कधी, कोणाच्या सांगण्यावरून?

डॉक्टर आले ते चिडूनच. "गोळ्या बंद करायला कोणी सांगितलं?"

जनाबाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "कोनी नाय सायेब. माझी मीच शानी."

मग डॉक्टर त्यांना नाही नाही ते बोलले. लकवा मारला असता म्हणाले, अडाणी म्हणाले. त्या मान खाली घालून ऐकत राहिल्या, आणि मी शेजारी उभी राहून त्यांना ऐकू दिलं.