सेफ्टी ऑफिसरच्या घरचा सायरन

३ मार्च, रविवार
चोर-अलार्म बसवला. स्वतः. कंपनीचा टेक्निशियन यायला तयार होता, त्याला नको म्हटलं. कारखान्यात चारशे माणसांना सेफ्टी शिकवणाऱ्याने घरी स्क्रू पिळायला माणूस बोलवायचा म्हणजे आचाऱ्याने बाहेरून डबा मागवण्यासारखं. एक सेन्सर दाराला. दुसरा हॉलमध्ये, हालचाल टिपणारा. आईच्या गळ्यात लाल बटण. पडलीबिडली तर दाबायचं, सायरन वाजेल, माझ्या फोनवर कळेल. आई म्हणाली, मी कशाला पडतेय. पडणं सांगून येत नाही, हे माझं कारखान्यातलं वाक्य तिला ऐकवलं.

दुपारी दोन ते पाच ती तिच्या खोलीत झोपते. तेवढा वेळ हॉल 'ऑन'. घर अभेद्य.

६ मार्च
साडेतीनला सायरन. चोर नव्हता. खालच्या मजल्यावरची नर्सबाई रात्रपाळी करून दुपारी झोपते. ती वर येऊन आईला बरंच बोलून गेली म्हणे. मी ऑफिसात होतो, हीसुद्धा कामावर. संध्याकाळी आईला विचारलं, हॉलमध्ये आली होतीस का? नाही म्हणाली. या वयात विसरायला होतं.

७ मार्च
पुन्हा साडेतीन. बॅटऱ्या बदलल्या.

८ मार्च
पुन्हा. सेन्सरवरचं कोळ्याचं जाळं काढलं. मूळ कारण सापडलं. शंभर टक्के.

९ मार्च
पुन्हा. कोळ्याबद्दल वाईट वाटलं. आईच्या दारावर सूचना चिकटवली: 'दोन ते पाच हॉलमध्ये येऊ नये.' मोठ्या अक्षरात, तिच्या चष्म्याचा विचार करून.

१३ मार्च
ही म्हणाली, आईंनी जेवणानंतर पाणी पिणं सोडलंय. मनाला लागलं. ताबडतोब उशाशी तांब्या-भांडं नेऊन ठेवलं. हिने कपाळाला हात लावला. बाथरूम हॉलच्या पलीकडे आहे, हे मला रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचलं. झोप लागली नाही. उद्या सूचना काढायची.

१४ मार्च
सूचना काढायला वेळ झाला नाही. पण मोठा शोध लागला! अ‍ॅपमध्ये 'शांत करा' आहे. ऑफिसात बसून अंगठा लावला की सायरन बंद. टेक्निशियनला बोलवा, असं ही रोज म्हणते. आता गरजच नाही.

१८ मार्च
चार दिवसांत नऊ वेळा शांत केला. आता बघावंही लागत नाही. अंगठ्याला सवय झाली.

१९ मार्च
आई पडली. पलंगावरून उतरताना. उजवं मनगट मोडलं. नर्सबाई सायरनवरून भांडायला वर आली, तिला दाराआडून आईचा आवाज ऐकू आला. हिने एक किल्ली तिच्याकडे ठेवलेली, म्हणून आत जाता आलं. तिनेच हात बांधला, तिनेच दवाखान्यात नेलं. म्हणजे तसं पाहिलं तर सायरनचा उपयोग झालाच.

मला फोनवर कसं नाही कळलं, हिने विचारलं. मीटिंगमध्ये नेटवर्क नव्हतं म्हटलं.

२० मार्च
मीटिंग नव्हती. मी चहा पीत होतो. फोन थरथरला, मी अंगठा लावला, चहा प्यायलो. हे फक्त इथे लिहितोय. हिला आजच सांगणार होतो, पण ती दमली होती.

२१ मार्च
आज आईला सांगणार होतो. ती डाव्या हाताने जेवत होती. घास सांडला की माझ्याकडे बघून हसायची. जेवताना नको म्हटलं.

२३ मार्च, शनिवार
हिने टेक्निशियनला बोलावलं. पाच मिनिटांत सांगितलं: सेन्सर पश्चिमेच्या खिडकीसमोर लावलाय. दुपारी ऊन आत येतं, तापलेला पडदा वाऱ्याने हलतो, सेन्सरला तो माणूस वाटतो. आई हॉलमध्ये कधी आलीच नव्हती. कुणी बसवला, त्याने विचारलं. मी त्याला चहा विचारला.

मग त्याने सगळी नोंद काढली. अशी नोंद राहते हे मला माहीत नव्हतं. तो मोठ्याने वाचत गेला, हॉल, हॉल, हॉल, आणि मग म्हणाला, "हे बघा, एकोणीस तारीख. तीन बाराला लाल बटण दाबलंय. तीन बारालाच फोनवरून शांत केलंय."

ही माझ्याकडे बघत राहिली. मी पडद्याकडे.

आई म्हणाली, "त्याला कामं असतात."

ती चिडली असती तर बरं झालं असतं.

२४ मार्च, रविवार
सकाळी आईच्या दारावरची सूचना काढली. डिंक पक्का, रंगाचा पोपडाही निघाला. आईसमोर बसलो. माफीचं भाषण तयार होतं, तीन मुद्दे. पहिल्यालाच ठसका लागला. तिने तांब्यातलं पाणी मला दिलं.

मग म्हटलं, अलार्म आता नीट बसलाय, बटण पुन्हा गळ्यात घाल, या वेळी मी नक्की बघेन. ती म्हणाली, नको रे. नर्सबाईंशी तिचं ठरलंय. काठी जमिनीवर दोनदा आपटायची. त्यांची खोली बरोबर खाली आहे. कालच करून बघितलं, दोन मिनिटांत वर आल्या, बराच वेळ बसल्या.

मी विचारलं, "आणि मला कसं कळणार?"

आई म्हणाली, "तुला संध्याकाळी सांगू."