सव्वातीनशे मैल आणि चकल्यांचा डबा

शनिवार, २२ ऑक्टोबर २००५. कॉट्झब्यू, अलास्का

आज नकाशावर पट्टी ठेवली. कॉट्झब्यू ते बॅरो – सुमारे सव्वातीनशे मैल. पुण्याहून नागपूर याहून दूर. मध्ये रस्ता मात्र नाही. नियमित विमान प्रथम दक्षिणेस अँकरेजला जाते, तेथून पुनश्च उत्तरेस बॅरोला. एकूण पावणेतेराशे मैल. द्राविडी प्राणायामाची इतकी शास्त्रशुद्ध आकृती अस्मादिकांनी येथील शाळेत शिकविताना फळ्यावरही कधी काढलेली नाही.

आमची सौ. सुलभा तेथे बॅरोला तीन महिन्यांसाठी दंतवैद्य म्हणून गेली आहे. करार एकतीसला संपतो. आता आणखी दोन वर्षे देऊ करीत आहेत. उत्तरही त्याच सोमवारपर्यंत, एकतीसलाच, द्यायचे आहे.

मंगळवार, २५ ऑक्टोबर

तिचा फोन. "तुला काय वाटतं? एक्स्टेंड करू?"

मी म्हणालो, "बॅरोवासीयांच्या दाढांचे रक्षण हे राष्ट्रकार्य आहे."

"प्रल्हाद, एकदा तरी सरळ बोल. मला डिसाइड करायचंय."

सरळ बोलण्यासाठी मुख उघडले आणि त्यातून ध्रुवीय अस्वलाच्या दंतपंक्तीविषयी एक विनोद बाहेर पडला. तिने फोन ठेवला.

हे समक्षच बोलले पाहिजे. दूरध्वनीवर माझ्या जिव्हेस मर्कटचेष्टा सुचतात.

गुरुवार, २७ ऑक्टोबर

अँकरेजचे विमान धुक्यामुळे रद्द. उद्याच्यात जागा नाही. तीन तास विमानतळावरील एकमेव बाकाचे सूक्ष्म निरीक्षण केले.

सायंकाळी डेल भेटला – छोट्या विमानाने माल नेणारा वैमानिक. शनिवारी यंत्रांचे सुटे भाग घेऊन थेट बॅरोला जाणार, मंगळवारी रिकामा परतणार. एक आसन मोकळे आहे.

"वजन?" त्याने विचारले.

"एकशे पासष्ट पौंड."

हा आकडा विवाहसमयीचा आहे. तो अद्याप अधिकृतरीत्या मागे घेतलेला नाही.

घरी येऊन चकल्या केल्या. भाजणी सुलभेची, अपराध माझा.

शनिवार, २९ ऑक्टोबर

डेलने काट्यावर उभे केले. जाड कोट व बूट यांसह दोनशे अकरा. त्याने काट्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"तुझ्या आकड्यावर मी माल भरून बसलोय."

"कोट काढतो."

"आणि बॅरोला काय घालणार?"

"बूट?"

"प्रल्हाद, विमानाला विनोद कळत नाहीत. डबा जाईल. तू नाही."

इंजिन सुरू झाले होते. वजनाच्या चिठ्ठीच्या मागे पेन्सिलीने खरडले – "करार वाढवू नकोस. मला इथे एकट्याला करमत नाही." विनोद सुचण्याइतका अवधीच मिळाला नाही. चिठ्ठी झाकणाखाली सरकवली.

रविवार, ३० ऑक्टोबर

फोन नाही. अक्षरे तेलात विरघळली असावीत, ही एकाच वेळी आशा व भीती.

सोमवार, ३१ ऑक्टोबर

फोन आला. "चकल्यांना मोहन जास्त झालंय. हातात घेताच मोडतायत."

करारासंबंधी अवाक्षर नाही. मीही विचारले नाही. आयुष्यात प्रथमच विनोदही केला नाही. ते तिच्या ध्यानात आले की नाही, कोण जाणे.

मंगळवार, १ नोव्हेंबर. लक्ष्मीपूजन

डेल परतला. विमानातून दोन मोठ्या बॅगा उतरल्या, दंतवैद्यकीच्या हत्यारांची पेटी, रिकामा डबा आणि सुलभा.

"एवढं सामान? डेलने घेऊ कसं दिलं?"

"मी वजन खरं सांगितलं."