नवस एवढ्यात फेडायचा नाही

प्रिय बाबा,

नेहमीचंच आहे तुझं. स्वतः ठरवायचं, करून मोकळं व्हायचं, मग मला फोन. आता तर फोन पण नाही! म्हणून लिहितोय. माझं अक्षर तुला कधी लागलं नाही, तरी वाच कसंतरी.

दादाचं पण तेच निघालं. मोठ्या आतड्यात, तुझ्यासारखंच. ऑपरेशन झालं. डॉक्टरने बाहेर येऊन कापलेली गाठ ट्रेमध्ये दाखवली, वहिनीने फोटो काढला. तुझ्या गाठीचा पण फोटो होता, आठवतो? भिवंडीच्या बाजारापासून आपल्या वळ गावच्या नाक्यापर्यंत सगळ्यांना दाखवत फिरलास. "ही बघा, गेली भायेर!"

आणि लगेच वज्रेश्वरीचा नवस फेडलास. टेम्पो भरून माणसं नेलीस, बोकड कापलास. मी इथे कुवेतला गोडाऊनमध्ये, फोर्कलिफ्टवर बसून मोबाईलवर तुला बघत होतो. किती हसत होतास!

मग डॉक्टर म्हणाले, किमो घ्या, गाठ गेली तरी तिचं बी आत राहिलेलं असू शकतं. तर तू काय म्हणालास? "बरा झालो म्हनून देवीपुढं गावाला जेवाण घातलं. आता सुया टोचून घेऊ? देवीपुढं खोटा पडू?" झालं! तुझ्यापुढे बोलणार कोण? पुढच्या भातलावणीला तू नव्हतास.

आता दादाने पण बोकड आणून दारात बांधलाय. वहिनी फोनवर रडते, "भावोजी, तुमीच सांगा त्यांना किमो घ्या म्हनून, माझं आयकत न्हाय." मी सांगितलं. तर दादा म्हणतो, "म्हंजे बाबानं केलं ते चुकीचं व्हतं काय रं? जा, बाबालाच इचार!"

कसा अडकलोय बघ. हो म्हटलं तर तू चुकीचा. नाही म्हटलं तर दादा... ते लिहवत नाही. सुट्टी मागितली तर सुपरवायझर म्हणतो, "पहले काँट्रॅक्ट पूरा करो." दिवसभर रॅकच्या गल्लीत गाडी पुढे, मागे, पुढे, मागे. फिरवायला जागाच नाही.

तू असतास तर म्हणाला असतास, "लय शाना झालास काय?" नाही रे बाबा. सातवीत शाळा सोडलेला मी, कुठला शहाणा! पण एक सांग, देवीने बोकड लवकर मागितला होता का? घाई तुलाच होती, बरा झालो म्हणायची. घाबरला होतास ना? मला एकदा तरी सांगायचंस!

काल दादाला बोलून टाकलं, "हो. बाबा चुकला." त्याने शिवी पण दिली नाही, फोनच कट. संध्याकाळी वहिनीचा मेसेज आला. टेम्पोवाल्याला नको म्हणून सांगितलं त्याने, आणि बोकडाला पाला घालत बसलाय.

रागावू नकोस. शब्द देतो, दादाची किमो संपली की मी येईन, नवस तेव्हाच फेडू. तोवर बोकड म्हशीएवढा झाला तरी चालेल. पहिलं पान तुझं. मी पण माझं पोट तपासून घेईन.

टेम्पो आणि जेवणासाठी दादाने मागितले होते तेवढेच पैसे पाठवतोय. फक्त वहिनीच्या खात्यावर, पहिल्या किमोला. पंचवीस हजार.

तुझा बारक्या