नात्यातली, म्हणून बाहेर

३ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पोचलो. ट्रक रंगवायचं काम मिळालंय. मालक म्हणतो, हात चांगला आहे तुझा, पण बूड स्थिर नाही. त्याच्याकडे एक लंगडी मांजर आहे, ती... असो, मुद्दा राहिला. धाकटीचा फोन आला होता. नवऱ्याने परत गळा दाबला म्हणे, हल्ली उशाशी चाकू घेऊन झोपतो. माझ्याकडे ये म्हटलं तर हसली, म्हणाली, आधी तुझा पत्ता तर ठरू दे! तू दवाखान्यातर्फे त्या घरातल्या मारहाणीच्या समितीत बसतेस ना, पोलीस, नगरपालिका, शाळा सगळे असतात ती? तिथे घाल हे.

माया पातळ करू नकोस.

तुझा भटक्या

९ मार्च

चि. भटक्यास, अ. उ. आ.

मांजर पुरे, स्वतः जेवतोस का ते कळव. काल बैठक झाली. धाकटीचं नाव निघताच अध्यक्षांनी मला बाहेर जायला सांगितलं. नात्यातलं प्रकरण आलं की त्या सदस्याने उठायचं, आत काय ठरलं ते विचारायचं नाही, असा नियमच आहे. नंतर फौजदार म्हणाले, सिस्टर, आता काळजी सोडा. जीव भांड्यात पडला. धाकटी माझ्याकडे यायला निघाली होती, तिला थांबवलं. म्हटलं, ते लोक तुला हलवतील, सामान तेवढं बांधून ठेव.

असंच चार ओळी खरडत जा.

तुझी ताई

२१ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

धाकटीला स्मशानात पोचवून तुला न भेटताच निघालो, रागावू नकोस. आधी फौजदारांकडे गेलो होतो, भांडायलाच. ते म्हणाले, सख्खी बहीण नर्स आहे, ती घरी नेणारच, असं सगळ्यांनी धरलं. नगरपालिकेकडे एक खोली रिकामी होती, ती दुसऱ्या बाईला दिली. बांधलेलं सामान नवऱ्याने पाहिलं, मग चाकू काढला, असं तो स्वतःच कोठडीत सांगतोय. माणसं वाईट नाहीत गं. चहा दिला त्यांनी. मी प्यायलोसुद्धा, शरम वाटली.

ते तुझ्या भरवशावर, तू त्यांच्या. आणि ती गाठोड्याशेजारी बसून कुणाच्या पावलांचा कानोसा घेत होती, कोण जाणे.

शेवटी लोभ मागायची रीत आहे. आज एवढंच मागतो, यापुढे कुणाचंही नाव निघालं आणि तुला बाहेर जा म्हणाले, तर उठू नकोस.

भटक्या