वादळ पार्टीची गिटार आणि रबरी चपलांचा जोड

लिहून ठेवणार मी, चांगुणाबाई रखमाजी ओव्हाळ, वय अदमासे अठ्ठावन्न, धर्म बौद्ध, पूर्वी रेल्वेच्या दवाखान्यात आया, राहणार दौंड, मूळ गाव निमोणे, तालुका शिरूर.

कारणे लिहून ठेवते की, माझ्या पोटात गाठ आहे आणि ती आता कापण्याजोगी राहिलेली नाही, असे पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितले आहे. शरीर गेले, डोके जागेवर आहे. कोणी मला फूस लावलेली नाही की धाक घातलेला नाही. मला धाक घालणारा माणूस दौंडात अजून जन्मायचा आहे. कचेरीपुढे बसून लोकांचे अर्ज लिहिणारे हौसराव रणपिसे हा कागद लिहीत आहेत. "बाई, मृत्युपत्रात एवढं बोलायचं नसतं," असे ते आत्ताच म्हणाले. मरणार मी आहे, हौसराव नाही. मी सांगते तसे त्यांनी लिहावे.

माझ्या मागे भांडण होईल ते घरासाठी नाही, एका गिटारीसाठी होईल. माझा मयत मुलगा मच्छिंद्र याची ती गिटार दीड वर्ष माझ्या ट्रंकेत कुलपात आहे. माझी मुलगी ललिता ती मागते, वाजवायला. माझे दीर चांगदेव ती मागतात, विकायला. मी आजवर दोघांनाही दिली नाही. ती कोणाची, हे ठरवण्यासाठीच हा कागद आहे. बाकीची कलमे कागदाला शोभा यावी म्हणून.

कलम १. दौंड येथील दोन खोल्यांचे पत्र्याचे घर माझ्या नावावर आहे. ते ललिताला द्यावे. ती लग्न करो अथवा न करो, घर तिचेच. मागच्या खोलीचा पत्रा गळतो, तो तिने मच्छिंद्राचा सोबती पोपट याच्याकडून बसवून घ्यावा, भावकीकडून नको. भावकी पत्रा बसवता बसवता आत बिऱ्हाड मांडील.

कलम २. बँकेत जे असेल त्यातून माझी माती करावी. पुण्यानुमोदनाला चहा द्यावा, जेवणावळ घालू नये. मच्छिंद्राच्या वेळी पोटभर जेवून गेलेले लोकच नंतर स्टेशनापुढे उभे राहून त्याला दारुडा म्हणत होते. माझ्या अन्नाचे असले पांग पुन्हा कोणी फेडायला नकोत.

कलम ३. स्टोव्ह, मोठे पातेले आणि पत्र्याच्या थाळ्या या पार्टीच्या आहेत, घराच्या नाहीत. पार्टी म्हणजे 'वादळ बीट पार्टी, दौंड'. हौसरावांना हे नाव माहीत नव्हते, म्हणून खुलासा करते. रेल्वेत पीटरसाहेब म्हणून गोरे ड्रायव्हर होते. नाताळात साहेबलोकांच्या क्लबात, म्हणजे रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये, त्यांचा नाच असे. मच्छिंद्र तिथे खुर्च्या उचलायला जाई आणि कोपऱ्यात उभा राहून त्यांची विजेवरची गिटार ऐके. साहेबांनी त्याला शिकवले आणि कायमचे ऑस्ट्रेलियाला जाताना गिटार त्याच्या हातात ठेवून गेले. बहात्तरच्या दुष्काळात माझे पोर दिवसा रस्त्याच्या कामावर खडी फोडी आणि फुटलेल्या बोटांनी संध्याकाळी तारा छेडी. मी ओरडे, "मुडद्या, बोटं तरी वाळू दे!" तो हसे.

पुढे पार्टी झाली. मच्छिंद्र गिटार वाजवी आणि गाई, ललिता त्याच्या मागून गाई, मांडवगण फराट्याचा पोपट कोकरे ड्रम वाजवी. टेम्पो चांगदेव भाऊजींचा, मॅनेजरही तेच. मी स्वयंपाकाला. शिरूरपासून दौंडापर्यंत असा रस्ता नाही जिथे आमचा टेम्पो बंद पडला नाही. पाटसच्या फाट्यावर तर चहावाला आम्हांला पाहूनच पाना शोधू लागे. शाळेच्या ओट्यावर झोपायचे, कॅनॉलवर शर्ट धुवायचे, ओलेच घालायचे. लोक सिनेमाची गाणी मागत. मच्छिंद्र म्हणे, "शिनेमाची गाणी वाजवायला रेडिओ हाय की. मी माझीच वाजिवणार." मग खडे येत. एका गावात खडा ललिताच्या कपाळाला लागला, तो वण अजून आहे. दुसऱ्या गावात पाण्याच्या हौदाला हात लावू दिला नाही, आणि गाणे मात्र पुन्हा पुन्हा मागितले. ही पार्टीची मजा! सदर भांडी पार्टी पुन्हा निघाली तर पार्टीला द्यावीत, नाही निघाली तर शेजारच्या कुशाबाईला.

कलम ४. माझ्याकडे एक काळी घोंगडी आहे. ती पोपटच्या आईने विणलेली आहे आणि पोपटला परत द्यावी. या घोंगडीत गुंडाळून मच्छिंद्राला टेम्पोतून घरी आणले. मी ती धुतली, पण घडी घालून परत द्यायला हात धजला नाही. पोपट धनगराचा, आमच्याबरोबर हिंडतो, आमच्या पातेल्यातले खातो म्हणून त्याच्या लोकांत कुजबुज झाली. मी त्याला विचारले, तर म्हणाला, "काकू, कुठं जेवायचं त्ये माझं मी बघीन. तुम्ही भाकरी वाढा." त्या पोराने मला एकदाही घोंगडी मागितली नाही. हा कागद अमलात आणण्याचे काम मी त्याच्यावरच सोपवते.

कलम ५. मच्छिंद्राच्या मृत्यूबाबत. हे कलम मालमत्तेचे नाही, असे हौसराव म्हणतात. माझी मालमत्ता तेवढीच होती.

सन १९७७, जयंतीचा महिना. भीमेच्या काठचे एक गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण त्या लोकांनी जे केले ते मायेने केले. आपली पार्टी येणार म्हणून बायांनी दुपारपासून अंगण सारवले आणि धूळ उडू नये म्हणून कार्यक्रमाच्या तोंडावर घागरीच्या घागरी पाण्याचा सडा घातला. स्टेज नव्हते, अंगणातच गायचे होते. वीज दोन घरांतून दोन वायरींनी घेतलेली, एकीवर माइक, दुसरीवर गिटार. असल्या जोडणीत माइकात वीज उतरू शकते आणि पाय उघडे असले तर तोंड लागताच झटका बसतो, हे पार्टीत सगळ्यांना माहीत होते. म्हणून आमची रीत होती: गाणाऱ्याने रबरी चपलेशिवाय माइकपुढे जायचे नाही. पोपट स्वतः वाकून पाय बघायचा.

पण आमची दुसरीही एक रीत होती. आधी बाबासाहेबांच्या फोटोपुढे वंदना, आणि वंदनेला पायात काही नाही. दिवेलागणीला वंदना झाली. मच्छिंद्र चपला घालायला वळला. फोटो माइकच्या शेजारीच टेबलावर होता. चांगदेव भाऊजी सगळ्या लोकांदेखत ओरडले, "आरं, बाबासायबांच्या म्होरं चपला घालून नाचतो व्हय? लाज हाय का न्हाई?" लोकांनी माना डोलावल्या. मच्छिंद्राने चपला सोडल्या. पोपट ड्रममागून म्हणाला, "मच्छ्या, चपला!" मच्छिंद्र म्हणाला, "ऱ्हाऊ दे. काका म्हंत्यात त्ये बी खरंच हाय." तो ओल्या अंगणात अनवाणी उभा राहिला, तारांवर हात ठेवला आणि माइकला तोंड लावले.

पहिला शब्दही निघाला नाही. लोकांना वाटले नाचतोय. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी पातेल्याजवळ होते, मला सगळे दिसत होते. त्या टाळ्या माझ्या कानातून गेलेल्या नाहीत आणि जाणार नाहीत.

सबब मी लिहून ठेवते की, माझा मुलगा त्या दिवशी प्यालेला नव्हता. त्याने जन्मात दारूला तोंड लावले नाही. मयताच्या दुसऱ्याच दिवसापासून चांगदेव भाऊजी सांगत सुटले, "प्याला हुता, म्हून चिकाटला." त्या एका वाक्याने पोराचे नाव गेले आणि पार्टीचेही. भाऊजी, तुम्ही ओरडलात ते भक्तीने ओरडलात, त्याचा मी राग धरला नाही. पण मेलेल्या पोराच्या तोंडाला दारूचा वास लावलात, त्याबद्दल माझा जीव तुमच्यावर जळतो. जाईपर्यंत जळेल.

कलम ६. मच्छिंद्राच्या रबरी चपला. त्या अंगणात राहिल्या असे मी समजत होते. यंदा उन्हाळ्यात नळावर भाऊजींची बायको म्हाळसा रडत मला म्हणाली, "आक्का, तुमच्या दिरानं त्या चपला आणून माळ्यावर ठिवल्यात. घालीत बी न्हाईत, टाकू बी देत न्हाईत. रोज शिडी लावून बघत्यात." त्या चपलांची वारस मी आहे. भाऊजींनी त्या ललिताकडे द्याव्यात. याशिवाय भाऊजींना मी काहीही ठेवत नाही, फक्त एक काम ठेवते: या कागदावर साक्षीदार म्हणून सही त्यांची हवी. सगळा मजकूर, विशेषतः कलम ५, त्यांना मोठ्याने वाचून दाखवावा आणि मग सही घ्यावी. ते येणार नाहीत, असे हौसराव म्हणतात. येतील. शिडी लावणारा माणूस येतो.

कलम ७. गिटार. माझा पहिला विचार असा होता की ती माझ्याबरोबर खड्ड्यात पुरावी. विकली तर कोणा परक्याच्या लग्नात सिनेमाची गाणी वाजवील, आणि ललिताला दिली तर माझे दुसरे लेकरू त्याच तारेला लागेल. मी ललिताला हे सांगितले. ती चुलीपुढे होती, वळूनसुद्धा पाहिले नाही. म्हणाली, "पुर. मी दुसऱ्याच्या आर्केस्ट्रात जाईन. गाणी तर दादाची माझ्या तोंडात हायेत, ती कशी पुरशील?" मी तिला शिव्या घातल्या. रात्रंदिवस भीती वाटते हो मला, हौसराव. हे लिहा.

मग मी पोपटला बोलावले. तो म्हणाला, "काकू, ती जाणारच. दुसऱ्याच्या पार्टीत तिचं पाय कोण बघंल?"

म्हणून गिटार, तारा, ट्रंक आणि 'वादळ' हे नाव मी ललिताला देते. अट एकच. वंदनेला पायात काही नको, ते मी शिकवले आहे आणि ते बरोबर आहे. पण वंदना झाली की भावाच्या चपला पायात घालायच्या; ललिता, मोठ्या होतील, पुढे चिंध्या कोंब. मगच माइक. कोणी हटकले, की फोटोला चपला चालत नाहीत, तर भांडू नकोस. फोटोकडे बोट दाखव. आमच्या घरातला फोटो पुरा आहे, डोक्यापासून पायापर्यंत. बाबासाहेबांच्या पायांत बूट आहेत. माझे पोर गेल्यावर वर्षभराने ते माझ्या ध्यानात आले.

येणेप्रमाणे मी ऐकून, समजून, माझ्या हाताने सही केली आहे. यापूर्वी मी काही बोलले असेन तर ते रद्द, हेच खरे.

(सही) चांगुणाबाई रखमाजी ओव्हाळ

मुक्काम दौंड, जिल्हा पुणे. तारीख २२ ऑक्टोबर १९७८.

साक्षीदार:
कुशाबाई दगडू भालेराव, शेजारीण. डाव्या हाताचा अंगठा.
चांगदेव सखाराम ओव्हाळ, दीर. (सही)

लेखनिकाची नोंद: साक्षीदार चांगदेव ओव्हाळ यांना सर्व मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. कलम ५ त्यांनी पुन्हा वाचायला सांगितले. त्यानंतर "प्याला न्हवता," एवढेच म्हणून त्यांनी सही केली. येताना त्यांनी कापडी पिशवीत रबरी चपलांचा एक जोड आणला होता. तो त्यांनी बाईंच्या समक्ष स्वतः वाकून ललिताच्या पायांपुढे ठेवला. तिने तो पायात घातला.
— हौसराव शंकर रणपिसे