खाट नंबर सातवरची चौकशी

२ डिसेंबर, सोमवार. दुपारी ४.

आजपासून रोजनिशी. कुणी वाचू नये. वाचल्यास परिणामांना वाचणारा जबाबदार.

मुक्काम गुलबर्गा. दवाखान्याचा मानसिक वॉर्ड, खाट नंबर सात. पेशंट: माझा धाकटा भाऊ भीमाशंकर. सोबत: मी, तुळजाराम, हुमनाबादला नंबर प्लेट आणि रेडियमचं दुकान. शनिवारी भीमा दुकानात आला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, अण्णा, माझं डोस्कं ठिकाणावर न्हाई, दवाखान्यात जायलोय, तू संगं चल. गडी कधी असं बोलत नाही. मी शटर ओढलं आणि निघालो.

इथला नियम: प्रत्येक पेशंटजवळ घरचं एक माणूस पाहिजे. पेशंट खाटेवर, घरचं माणूस खाली चटईवर. पण भीमा थोरल्या भावाला खाली झोपू देईना. म्हणून खाटेवर मी. डोकं फिरलं तरी संस्कार जात नाहीत.

आणखी एक. इथं बसून रहस्यकथा लिहायची आहे. मानसिक वॉर्डातला खून. अशा मी चाळीसेक वाचल्या असतील. सगळ्यांत शेवटी सांगणाराच वेडा निघतो. स्वस्त युक्ती. माझ्या कथेत सांगणारा शंभर टक्के भरवशाचा राहील. रोज दोन पानं, काहीही झालं तरी.

३ डिसेंबर. सकाळी ११.

राउंड. डॉ. प्रशांतकुमार, चष्मा, वय पस्तीसच्या आत. प्रश्न सगळे मलाच. झोप लागते का? आवाज ऐकू येतात का? लॉरीच्या नंबरांतून कुणी निरोप देतं का? भीमाच्या वतीने नीट उत्तरं दिली. निरोप येतात हे खरं आहे, पण ते मला येतात, त्याचा आजाराशी संबंध नाही, हेही स्पष्ट केलं. डॉक्टरने बरंच लिहून घेतलं. हुशार वाटला.

फाइलवर पेशंटच्या जागी माझं नाव. कारकुनी चूक. सिस्टर नेत्रावतीला दाखवली. ती म्हणाली, व्हय अण्णा, बघूया नंतर. भीमा खिडकीकडे तोंड करून उभा होता.

लिहिलेली पानं: शून्य. खाटेला टेकायला नीट जागा नाही.

४ डिसेंबर. सकाळी ७.३०.

विचित्र पद्धत पाहिली. सिस्टर गोळ्या पेशंटला देत नाही, मला देते. तोंडात टाका म्हणते, मग आ करा म्हणते. विचार केला, उलगडा झाला. लहान पोरांना औषध देताना आधी आपण प्यायल्यासारखं करतो ना, तसंच. थोरल्याने घेतलं की धाकटा घेणार. पण सिस्टर पुढे निघून जाते आणि भीमाला द्यायचं विसरते! ड्युटीत असा ढिसाळपणा.

मी गोळी तोंडात टाकतच नाही. बारीक ब्रश धरणारी बोटं आहेत, दोन बोटांमध्ये गोळी कुठे गेली, कुणाला कळत नाही. भीमाला सरळ दिली तर म्हणाला, अण्णा, ती तुझी हाय रे, मग घाबरून म्हणाला, मी घेतलीया माझी, आत्ताच. खोटं. पेशंट असंच बोलतात.

सायंकाळी ५.

मार्ग सापडला. भीमाची बायको मनीषा हिला दोन वर्षांपूर्वी मी रंगेहाथ पकडलं होतं, पांढरी गोळी कुटून माझ्या वरणात टाकताना. तेव्हापासून त्या घरात कुणाच्या हातचं खात नाही, कुणाला काही देतही नाही. भीमा म्हणतो डॉक्टरनंच सांगितलं होतं. सगळे आपल्या बायकोची बाजू घेतात. पण पद्धत चांगली आहे. पद्धत मनीषाची, हेतू माझा.

भीमा कँटीनमधून फ्लास्क आणतो. मी दिवसभराच्या गोळ्या तांब्याच्या बुडाने कुटल्या, ग्लासात टाकल्या, वर चहा, साखर. भीमाला दिला. तो ग्लासाकडे बघतच राहिला. माझ्यासाठी? म्हणाला. मग सगळा प्यायला.

भाऊ बरा होणार. फार बरं वाटलं आज.

६ डिसेंबर. दुपारी २.

भीमा सारखा झोपतो. जेवताना मान खाली जाते. हात थरथरतो. इथं आला तेव्हा ताठ होता, दोन पोती उचलणारा माणूस. काहीतरी शिजतंय या वॉर्डात.

संशयित क्रमांक एक: सिस्टर नेत्रावती. माझ्याकडे बघून हसते.
क्रमांक दोन: रुद्रम्मा. खाट नंबर आठचे हावगेप्पा यांची बायको, निंबर्ग्याची. भीमाला भाकरी देते. कामून? तिचा आणि आमचा काय संबंध?

भीमाला बजावलं, बाहेरचं काही खायचं नाही, फक्त माझ्या हातचं. तो म्हणाला, बरं अण्णा.

पानं: शून्य. पण कथा आपोआप समोर घडते आहे, हा योग लेखकाला क्वचित येतो.

७ डिसेंबर. सकाळी ९.

रुद्रम्माला सरळ विचारलं, भाकरीत काय टाकता? ती आधी रागावली, मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, मीठ टाकतो बाबा, आनि काय टाकू, तुझा भाऊ उपाशी बसायलाय तुझ्यापायी. संशय वाढला. रडणं हे जुनं हत्यार.

८ डिसेंबर, रविवार. दुपारी ३.

भीमाची मान एका बाजूला ओढल्यासारखी होते. बोलताना जीभ जड. लाळ गळते, सदऱ्याच्या बाहीने पुसतो आणि मला दिसू नये म्हणून तोंड फिरवतो. मला भीती वाटते आहे. लिहून ठेवतो, भीती वाटते आहे. आई गेली तेव्हा हा नऊ वर्षांचा होता आणि माझ्या पाठीला चिकटून झोपायचा.

ठराव: विष देणाऱ्याला याच आठवड्यात पकडणार.
ठराव: तोपर्यंत औषध वाढवणार. इथं आल्याच्या पहिल्या दोन दिवसांच्या गोळ्या वाचवून ठेवल्या होत्या. आज सगळ्या एकदम दिल्या. साखर तीन चमचे.

भीमा एक घोट घेऊन थांबला. माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, पी. प्यायला.

९ डिसेंबर. सकाळी १०.

भीमा बाथरूममध्ये पडला. डोकं नळावर आपटलं. डोळे उघडे, पण मला ओळखेना. स्ट्रेचरवरून खालच्या मजल्यावर नेलं. मी मागे धावलो. दारावर राजपाल वॉचमनने अडवलं. पेशंटला बाहेर सोडत न्हाईत, म्हणाला. मी म्हणालो, पेशंट खाली गेला, मी सोबतचा आहे. तो म्हणाला, व्हय व्हय, बसा जावा खाटंवर.

चटई तशीच पडली आहे. गुंडाळली नाही.

१० डिसेंबर. दुपारी १२.

आज गौप्यस्फोट. कथेत करतात तसा सगळ्यांना जमवून करायचा होता, पण डॉ. प्रशांतकुमार एकटेच आले, खुर्ची ओढून बसले. मी तारखेवार सगळं मांडलं. झोप, थरथर, मान, जीभ. डॉक्टर म्हणाले, बरोबर आहे, रक्तात औषध सापडलंय. मी म्हणालो, बघा! माझा संशय खरा ठरला. मग रुद्रम्मा, मग नेत्रावती, पुरावे दिले.

डॉक्टरांनी विचारलं, तो खायचा काय?
मी सांगितलं, फक्त माझ्या हातचं.
चहा कोण देत होतं?
मी.

डॉक्टरांनी उशी उचलली, तांब्या उलटा करून बुडाकडे पाहिलं. पांढरं लागलेलं होतं. गोळ्या बांधून ठेवायचो तो उशीखालचा माझा रुमालही घेऊन गेले.

सांगायचं राहिलं की ते औषध होतं. औषधाने कुणी मरत नाही. त्यांना लेखी देणार आहे. उद्या.

११ डिसेंबर.

लेखी दिलं नाही. पेनातली शाई संपत आली आहे.

भीमाच्या जागी मनीषा आली आहे. दिवसभर त्या चटईवर बसली. खाली जाऊन येते, परत येऊन बसते. मी खाटेवरून खाली उतरून बसलो तर म्हणाली, वर बसा भाऊजी, तुमचीच जागा हाय ती.

१३ डिसेंबर, शुक्रवार. सायंकाळी ६.

भीमाने डोळे उघडले. मनीषाने सांगितलं, भिंतीकडे बघून. पहिलं काय बोलला, मी विचारलं. तिला सांगायचं नव्हतं. शेवटी म्हणाली, अण्णानं गोळी घेतली का, म्हनून इचारायलेत.

मग रुद्रम्मा आली. भाकरीचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. म्हणाली, मी त्याला सांगितलं होतं, चहा कडू लागतो म्हनतोस तर पितोस कामून? तर म्हनला, अक्का, दोन वर्षांनी अण्णानं हातानं काय दिलंय, खाली कसं ठेवू?

रात्रीच्या गोळीची वेळ झाली नव्हती, तरी सिस्टरकडे गोळी मागितली. केवळ चौकशीचा भाग म्हणून. तिने दिली. बोटांत धरली, मग जिभेवर ठेवून चावली.

फार कडू आहे. तीन चमचे साखरेत लपणार नाही इतकी. भीमा पाच दिवस पीत होता.

सकाळची गोळी विसरू नका, असं सिस्टरला बजावून आलो. कुणाची, ते तिने विचारलं नाही.