बाबांच्या स्विंगमधला खळगा

९ नोव्हेंबर
गोल्फच्या दुकानात नवं मशीन सुरू झालं. क्लबच्या मुठीखाली, म्हणजे ग्रिपच्या खाली, शाफ्टला एक चिमटा लावायचा, गिऱ्हाइकाने चेंडू मारायचा, की दांडा केव्हा आणि किती वाकला ते पडद्यावर उमटतं. वेग, लय, सगळं. त्यावरून कुणाला किती कडक शाफ्ट द्यायचा ते मी ठरवायचं. हिंजवडीत इतकी वर्षं दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधल्या, आता स्विंगमधल्या शोधते. पगार कमी, पण कंपनीची बस नाही. बरं वाटतं का, सांगता येत नाही. वाईट वाटत नाही, एवढं खरं.
आज एक तिशीतला मॅनेजर. एक्स-स्टिफच हवा, सगळ्यात कडक. आलेख म्हणतो रेग्युलर, दोन पायऱ्या खाली. शेवटी स्टिफवर तडजोड झाली. त्याचीही अब्रू राहिली, दुकानाचीही.

१४ नोव्हेंबर
न्यू जर्सीहून नवऱ्याचा फोन. अभि तिकडे ऑनसाइट गेला तो एका वर्षासाठी, त्याला आता किती वर्षं झाली ते कुणी काढत नाही. "मार्चमध्ये बघू" म्हणाला. असे मार्च बरेच बघून झाले. बाबांना विचारलं, बोलता का त्याच्याशी? त्यांनी पेपरचं पान उलटलं. मुलगा त्यांचा, नवरा माझा, आणि बिबवेवाडीच्या या फ्लॅटमध्ये राहतो सासरा आणि सून.
फोन ठेवून गवार निवडली. काही वाटलं नाही.

२१ नोव्हेंबर
बाबा दुकानात आले. फौजेतून निवृत्त झाल्यापासून रविवारचा गोल्फ हेच त्यांचं देवदर्शन. तक्रार अशी, की चेंडू उजवीकडे पळतो. म्हणाले, "शाफ्ट मेलाय. बघ जरा."
चिमटा लावला. बाकी लोकांचा आलेख म्हणजे एक सलग डोंगर. बाबांच्या डोंगराला माथ्यावर खळगा. हात वर गेला, की खाली येण्याआधी अडखळतो. चिमटा सैल असेल म्हणून बदलला. वायर बदलली. मी स्वतः मारून पाहिलं. माझा डोंगर बेढब, पण सलग. तरी मशीनलाच नावं ठेवली. नवीन आहे, रुळेल.

२८ नोव्हेंबर
बाबांना मऊ शाफ्ट बसवला, वर जाड ग्रिप. खळगा बुजला. चेंडू सरळ. माझ्या हाताला यश आहे म्हणायचं.
पंचाईत एकच, त्या शाफ्टवर ए छापलंय, म्हणजे ज्येष्ठांचा. बाबांना मित्रांनी ते पाहायला नको होतं. फिरवून बसवला, अक्षर जमिनीकडे. तशी ही रीतच आहे. पुण्यातल्या निम्म्या निवृत्तांची अक्षरं अशी तोंड खाली घालून असतात.

७ डिसेंबर
बाबा जिंकले. आंबा बर्फी आणली. खालच्या जोशीकाकांना सांगत होते, "सूनबाईंनी नवे हात दिले मला." एरवी कौतुक करायचं म्हणजे यांना ताप येतो. मी दोन वड्या खाल्ल्या. गोड होत्या.

१५ डिसेंबर
सकाळी गॅलरीत उभी होते. बाबा दूध घेऊन येत होते. उजव्या हातात पिशवी. डावा रिकामा, तरी हलत नव्हता. चालताना माणसाचा हात आपोआप मागेपुढे होतो. त्यांचा अंगाला चिकटलेला, काखेत पेपर धरल्यासारखा. पेपर नव्हता.
दूध तापत ठेवलं आणि ते उतू गेलं. ओटा पुसता पुसता कळलं, की खळगा शाफ्टचा नव्हता. मशीनचा तर नव्हताच.

१६ डिसेंबर
बाबांना दुकानात बोलावलं. तुलना करायचीय म्हटलं, जुन्या क्लबने थोडे मारा. खळगा आधीपेक्षा खोल. मग नव्याने. सलग डोंगर. म्हणजे मी इतकं बेमालूम काम केलंय, की आता त्यांचं त्यांनाही कळायचं नाही.
मालकांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, आपण शाफ्ट विकतो, रोगनिदान करत नाही. गिऱ्हाईक खूश आहे ना? आहे.

१९ डिसेंबर
मीनलला फोन. शाळेतली मैत्रीण, आता डॉक्टर. तिने विचारलं, चेहऱ्यावरचे भाव कमी झालेत का? म्हटलं, कर्नलच्या चेहऱ्यावर मुळात होते कधी? ती हसली नाही. मेंदूच्या डॉक्टरांना दाखव म्हणाली, उशीर करू नकोस. एक शक्यता बोलली. ते नाव इथे लिहीत नाही.
बाबांना सांगितलं, तर आधी त्यांची स्कूटर जाईल, मग गोल्फ. मग अभि येईल आणि चार दिवसांत सगळ्याची व्यवस्था लावून परत जाईल. बाबांचीही लावेल. नाही सांगितलं, तर ते असेच जिंकत राहतील, आणि आत जे चाललंय ते चालू राहील.

२४ डिसेंबर
नाही सांगितलं. भरली वांगी केली.

२ जानेवारी
सांगितलं. दुकानातच, गिऱ्हाइकं गेल्यावर. दोन्ही आलेख शेजारी शेजारी लावले.
"बाबा, मी तुमचा स्विंग दुरुस्त नाही केला. झाकला."
त्यांनी चष्मा पुसून पाहिलं. जुना, मग नवा, मग परत जुना. हे मी नकाशा दाखवावा तसं का दाखवतेय, असं मनात आलं, पण दुसरी पद्धत मला येत नाही. मीनल काय म्हणाली तेही सांगितलं.
मग म्हणाले, "मला गणपतीपासून शंका होती. आरतीचं तबक डाव्या हातात ठरेना."
"मग शाफ्टची तक्रार?"
"शाफ्ट बदलता येतो."
घरी येताना स्कूटर मी चालवली. ते मागे बसले. अभिला एवढ्यात कळवू नकोस म्हणाले, आधी डॉक्टर काय म्हणतात ते मी ऐकेन. कळवू नये की कळवावं? हो म्हटलंय खरं.

८ जानेवारी
आज दाखवायचंय. मीनलने नंबर लावून दिलाय.
पोळ्या करत होते. बाबा स्वयंपाकघराच्या दाराशी आले. खाकरले, मग हात पुढे केले. उजव्या बाहीचं बटण उघडं, ते लावायला डावा हात लागतो. "हे लाव," म्हणाले. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून त्यांनी मला पाण्याचा पेलासुद्धा हातात द्यायला लावला नाही, मेजावर ठेव म्हणायचे. मी कणकेचे हात धुतले, पुसले, बटण लावलं. मनगट गार होतं. दोघांनीही दुसरीकडे पाहिलं.
मला भीती वाटली. अजून वाटतेय. कितीतरी महिन्यांनी काहीतरी वाटलं, आणि ते हे.
रिक्षा खाली येऊन थांबलीय. बाबा आत बुटांच्या नाड्या बांधताहेत, बराच वेळ. मदतीला जावं, की नाही? अजून हाक आलेली नाही.